पाच टनांचं मशीन आणि तुझ्या रानातली शिरपुटं

पत्र:

नमस्कार काकी. मी लांजा तालुक्यातला, वय 34. लॉकडाऊनमध्ये डोंबिवलीहून गावी आलो तो इथेच राहिलो. तीन एकर काजू, थोडी आंब्याची कलमं आणि दोन गाई आहेत. शिवाय वडिलोपार्जित सात एकर रान आहे. यंदा रीतसर परवानगी काढून ऐन-किंजळाची तोड दिली. व्यापारी जाड माल घेऊन गेला, फांद्या आणि शिरपुटं मात्र तशीच पडली आहेत. ओली धरली तर 40 टन तरी भरतील. परवा एका कंपनीचा माणूस आला होता. या फांद्या भाजून जमिनीत घालायचा बायोचार करायचं मशीन 28 लाखांना देतो म्हणाला. ते दिवसाला 5 टन कोरडं लाकूड घेतं. झालेला बायोचार कंपनीच 15 रुपये किलोने परत घेणार आणि वर कार्बन क्रेडिटचे डॉलर मिळणार. महिन्याला दीड लाख सुटतील असा त्याचा हिशोब आहे. बँकेचं कर्ज 11 टक्क्यांनी तोच करून देतोय, तारण काजूची बाग. बाबा म्हणतात, लाकडं जाळून कोण मोठा झालाय? बायको म्हणते, कचऱ्याचा पैसा होत असेल तर वाईट काय? मी मधल्या मध्ये अडकलोय. आणि मला अरे-तुरेच करा, आई तुमचं सदर वाचून दाखवायची तेव्हापासून ओळख आहे.

उत्तर:

कागद-पेन घे आणि त्या माणसाने जो भागाकार केला नाही तो आधी करू.

तुझ्या 40 टन ओल्या फांद्यांत जवळजवळ निम्मं पाणी आहे. सुकल्यावर राहतील 20 टन. मशीन दिवसाला 5 टन घेतं. म्हणजे चार दिवस. पाचव्या दिवशी सकाळी तुझं 28 लाखांचं मशीन आणि तू एकमेकांकडे बघत बसणार. आणि 11 टक्क्यांनी नुसतं व्याज महिन्याला साडेपंचवीस हजारांच्या वर जातं, मुद्दल वेगळंच. ते मशीन वर्षाचे 200 दिवस चालवायचं तर 1,000 टन कोरडं लाकूड लागेल. तुझ्यासारखी 50 रानं, तीही दरवर्षी. एकदा तोडलेलं रान पुन्हा भरायला किती वर्षं जातात ते तुला मी सांगायला नको.

मग ते मशीन भरायचं कशाने? इथेच मला भीती वाटते. हप्ता डोक्यावर असला की माणूस शेजारच्या रानातली उभी झाडं ‘फांद्या’ म्हणून बघायला लागतो. कचऱ्यापासून सुरू झालेला धंदा तोडीवर कधी येऊन ठेपतो ते कळतही नाही. तेव्हा कर्ज नको, मशीन नको, आणि काजूची बाग तारण तर अजिबात नको. हे उत्तर इतकं सरळ आहे की सदराची जागा त्यात संपली असती. पण तुझ्या बायकोचा प्रश्न राहतो, आणि तो बरोबर आहे. रानात पडलेल्या लाकडाचा पैसा होतो का? होतो. फक्त तो माणूस म्हणतो तिथे नाही.

बायोचार म्हणजे शेवटी कोळसाच. हवा बेताची ठेवून लाकूड भाजलं की त्यातला वायू जळून जातो आणि कार्बनचा सांगाडा मागे राहतो. चुलीत घातला की तो कोळसा, जमिनीत घातला की बायोचार. कोरड्या लाकडात निम्मा कार्बन असतो. लाकूड रानात कुजलं किंवा वणव्यात गेलं तर तो बहुतेक सगळा हवेत परत जातो. नीट भाजलेला कोळसा मात्र मातीत शेकडो वर्षं टिकतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यात जुन्या लोकांनी कोळसा, राख, खरकटं आणि हाडं मिसळून केलेली काळी माती अजूनही आजूबाजूच्या जमिनीपेक्षा कसदार आहे. कार्बन क्रेडिटवाल्यांना रस आहे तो या टिकण्यात. एक क्रेडिट म्हणजे हवेबाहेर ठेवलेला एक टन कार्बन डायऑक्साइड, आणि स्वतःच्या धुराची भरपाई दाखवायला कंपन्या ते विकत घेतात. गूगलने जानेवारी 2025 मध्ये वराह या भारतीय कंपनीकडून बायोचारची 1 लाख टनांची क्रेडिट 2030पर्यंत घ्यायचा करार जाहीर केला. म्हणजे बाजार खोटा नाही. तुला भेटलेल्या माणसाने खऱ्या बाजाराचं नाव घेऊन तुला मशीन विकायला काढलंय, एवढंच.

आता तुझ्या रानाचा हिशोब. वीस टन कोरडं सगळं उचलू नकोस. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. तोड झालेल्या उताराला पहिल्या दोन पावसाळ्यांत अंगावर काहीतरी पांघरूण लागतं. बारीक काड्या आणि पाला तिथेच राहू दे, फुटव्यांना तोच आधार. बायको आणि आई न्हाणीच्या चुलीसाठी जी शिरपुटं नेतात तीही बाजूला काढ. ती ‘फुकट’ धरून भट्टीत घातलीस तर डिसेंबरात गॅसवर पाणी तापवावं लागेल आणि तुझा सगळा नफा सिलिंडरवाला घेऊन जाईल. मनगटाएवढ्या जाडीपर्यंतचं, तोडून रचता येईल असं साडेबारा टन लाकूड धरू.

साध्या उघड्या भट्टीत कोरड्या लाकडाच्या साधारण पाचवा हिस्सा कोळसा मिळतो. म्हणजे अडीच टन. दीड मीटर तोंडाच्या शंकूच्या आकाराच्या भट्टीत एका दिवसात 100 किलोच्या आसपास होतो, म्हणून 25 भट्ट्या लावाव्या लागतील. दोन माणसं, 500 रुपये रोज, झाले 25 हजार. फांद्या गोळा करणं, तोडणं आणि भट्टीपर्यंत आणणं यालाही तेवढेच. किलोला पडले 20 रुपये. आणि तो माणूस परत घेणार 15 रुपयांनी. मशीनमध्ये मजुरी थोडी कमी होईल, पण मग फांद्या टेंपोत भरून मशीनपर्यंत आणाव्या लागतील. काटक्यांनी शिगोशीग भरलेला छोटा हत्ती तू पाहिला असशील. दिसतो डोंगराएवढा आणि आत निम्मी हवा. डिझेल मात्र पूर्ण जळतं. या धंद्यातला खरा खर्च हा आहे. लाकूड फुकट असेल, पण उचलणं फुकट नसतं. म्हणून लाकूड जिथे पडलंय तिथेच भट्टी न्यायची. पाच पोती वजनाचं लाकूड एका पोत्यात मावतं आणि मग ते पोतं डोक्यावरूनही खाली येतं.

क्रेडिटचंही बघू. कार्बनचा एक टन म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे 3.67 टन. कोळशातला कार्बन, त्यातला टिकणारा भाग आणि भट्टी-वाहतुकीची वजावट धरली तर एक टन बायोचारमागे दोन-सव्वादोन क्रेडिट येतात. तुझ्या अडीच टनांना साडेपाच. गेल्या काही वर्षांत बायोचारचं क्रेडिट साधारण 100 ते 200 डॉलरच्या दरम्यान विकलं गेलंय. 120 डॉलर आणि 85 रुपयांचा डॉलर धरला तर होतात 56 हजार. ऐकायला बरं वाटतं. पण प्रत्येक भट्टीचे फोटो, लाकडाचा ओलावा, कोळशाचं माप, प्रयोगशाळेतली तपासणी आणि बाहेरच्या तपासनीसाची फी हा खर्च पाच क्रेडिट असोत की पाचशे, फारसा बदलत नाही. एकट्या माणसाचे 56 हजार तिथेच जिरतात.

शिवाय कार्बनचा करार म्हटला की जमीन कोणाची हा प्रश्न येतो. तुझ्या सात एकरांच्या सातबारावर किती नावं आहेत? आपल्याकडे सामाईक रानाच्या उताऱ्यावर वीस-बावीस नावं, त्यातली निम्मी गिरगाव ते विरारपर्यंत पसरलेली आणि चार तर वर गेलेली असं असतं. तोडीच्या पैशांसाठी सगळे सही करतात. पाच क्रेडिटसाठी कुणी कोकणकन्या पकडून येईल असं मला वाटत नाही.

तरीही तुझ्या जागी मी असते तर या थंडीत भट्टी लावलीच असती. आपल्या जांभ्या जमिनीसाठी. ही माती आंबट, पावसात खत वाहून जाणारी आणि स्फुरद धरून ठेवून झाडाला न देणारी. उष्ण कटिबंधातल्या अशाच निकस, आम्लधर्मी जमिनींत बायोचारचा परिणाम सगळ्यात चांगला दिसतो. जगभरच्या प्रयोगांची सरासरी काढली तर उष्ण कटिबंधात उत्पादन 25 टक्क्यांच्या आसपास वाढलेलं दिसतं, थंड देशांत जवळजवळ काहीच नाही. ही सरासरी आहे, तुझ्या काजूला मी हमी देत नाही. आणि कोरा कोळसा तसाच जमिनीत टाकलास तर पहिल्या वर्षी तो झाडाच्या तोंडचं नत्र स्वतःच पिऊन टाकतो. आधी त्याला पाजावं लागतं. तुझ्याकडे दोन गाई आहेत ना? बारीक केलेला कोळसा गोठ्यात गाईंच्या पायाखाली पसर, गोमूत्र शोषून घेईल, वासही कमी होईल. मग शेणाबरोबर उकिरड्यात जाऊ दे आणि तीन-चार महिन्यांनी खत म्हणून काढ. नव्या कलमाच्या खड्ड्याला असं खत, जुन्या झाडाला आळ्यात. अडीच टन तीन एकरांवर उधळू नकोस, मुळाजवळ दे. निम्मी कलमं बिनकोळशाची ठेव, म्हणजे दोन वर्षांनी फरक तुझ्याच डोळ्यांना दिसेल.

विकायचा असेल तर गिऱ्हाईक पंधरा-वीस किलोमीटरच्या आत शोध. आपल्या भागात आंबा-काजूच्या कलमांच्या रोपवाटिका कमी नाहीत. पिशवीत भरायच्या मातीत त्यांना हलकं, पाणी धरणारं काहीतरी हवंच असतं. दोन पोती फुकट देऊन ये, 50 पिशव्यांवर करून बघा म्हणावं. पावसाळ्यानंतर त्यांनी स्वतःहून फोन केला तर 25 रुपये किलो मागायला तोंड राहील.

आणि रस्त्याचं एक. भारतीय वन अधिनियम, 1927 मध्ये वनोपजाची व्याख्या आहे. लाकूड, कोळसा, कात, राळ, लाख अशा काही वस्तू रानातून आणलेल्या असोत किंवा नसोत, वनोपजच धरल्या जातात. तू त्याला बायोचार म्हण नाहीतर काळं सोनं म्हण, नाक्यावर अडवणाऱ्याला पोत्यात कोळसा दिसणार. स्वतःच्या रानातून स्वतःच्या बागेत गेला तर प्रश्न कमी. टेंपो तालुक्याबाहेर जायचा असेल तर आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला लेखी विचार आणि उत्तरही लेखी घे. तोंडी ‘काही नाही हो, जाऊ द्या’ कागदावर चालत नाही. त्या मशीनवाल्याने वनखात्याच्या वाहतूक पासाचा शब्द काढला होता का? पत्रात तरी नाही.

आता भट्टी. तालुक्याच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्र्याची शंकूच्या आकाराची करून घे. माझी पत्रा आणि मजुरी धरून साडेचौदा हजारांत झाली. दोन माणसं ती उचलून या बांधावरून त्या बांधावर नेतात. पैसे घालायचे नसतील तर त्याच मापाचा उतरत्या कडांचा खड्डा मातीत खण. कातळ फोडत बसू नकोस. लाकूड तोडून दोन महिने तरी वाळलेलं हवं, मोडताना कडकन आवाज आला पाहिजे. तळाशी काटक्यांचा जाळ कर. ज्वाला बसायला लागली आणि निखाऱ्यांवर राखेची पांढरी साय धरली की पुढचा थर टाक. आधी टाकलास तर धूर होईल, उशीर केलास तर कोळशाची राख. ज्वाला वर असते तोवर खालच्या कोळशाला हवा मिळत नाही, सगळी गोम यात आहे. पाच-सहा तासांत भट्टी भरते. मग पाणी, भरपूर पाणी. म्हणून हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत, पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी असताना. मार्चनंतर गवत वाळतं, वारा सुटतो आणि काजूच्या बागेला वणवा लागायला एक ठिणगी पुरते. भट्टीभोवती आधी जाळरेषा काढ आणि संध्याकाळी एकटा नसशील असं बघ.

विझवण्यावर एवढा जोर देते, कारण मी स्वतः फसले आहे. पहिल्या वर्षी दोन हंडे पाणी मारलं, वरून थंडगार लागलं, पोत्यांत भरून पडवीत ठेवलं. पहाटे कुत्रं भुंकायला लागलं म्हणून उठले तर दोन पोती आतून धुमसत होती आणि पडवीतली जुनी खाट गेली. तेव्हापासून रात्रभर भिजू देते आणि सकाळी कोपरापर्यंत हात घालून बघितल्याशिवाय पोतं भरत नाही. कोळसा नीट झाला की नाही तेही हातालाच कळतं. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखण वाजतात आणि हाताला लागलेली काजळी साध्या पाण्याने जाते. तेलकट राहिली तर भाजणं कच्चं. बारीक करायचा तो ओला असताना, पोत्यात घालून धोपटून. कोरडा धोपटलास तर अर्धा तुझ्या फुफ्फुसात जाईल.

काजूची टरफलं या भट्टीत घालू नकोस. त्यातलं तेल जळताना जो धूर येतो तो डोळे आणि कातडी सोलून काढतो. वखारीतला भुसाही नको, तो बसतो आणि आतून हवा अडवतो. शिवाय भुसा दाबून जळणाच्या विटा, म्हणजे ‘पांढरा कोळसा’, करणारे त्याला आजही पैसे देतात, मग जाळायचा कशाला?

मजुरांबद्दल एक बोलते, जरा कडक वाटेल. कोळशाच्या धंद्याला आपल्याकडे एक इतिहास आहे. रायगडातली कातकरी कुटुंबं पावसाळा संपला की उचल घेऊन लांबच्या कोळसाभट्ट्यांवर जातात आणि उचल फिटेपर्यंत तिथेच अडकतात. मुलंबाळं धुरात. ‘हरित’ म्हटलं म्हणून भट्टी बदलत नाही. तुझ्याकडे काम करणाऱ्याला रोजचा रोज दे, उचल देऊन बांधू नकोस, तोंडाला मास्क आणि पायात बूट तुझ्या पैशाने.

पहिल्या हंगामानंतर जमलं असं वाटलं तर वाडीला विचार. वीसेक घरांनी मिळून वर्षाला 300 टन कोरड्या फांद्या जमवल्या, तीन-चार भट्ट्या वाडीवाडीने फिरवल्या, तर 60 टन बायोचार होतो आणि 130 क्रेडिट. तेव्हा प्रकल्पवाली कंपनी तुमच्या दारात येते आणि बोलणी वेगळी होतात. तिने निम्मे पैसे स्वतःकडे ठेवले तरी वाडीकडे साडेसहा लाखांच्या वर येतील. त्यात तुमची मजुरी निम्म्याहून जास्त सुटते आणि कोळसा तुमच्याच जमिनीत राहतो. श्रीमंती नाही. पण चार महिने वीस घरांना गावातच काम आणि वणव्याला कमी खाद्य, हे मला दीड लाखाच्या स्वप्नापेक्षा खरं वाटतं. करार करताना तीन गोष्टी विचार. क्रेडिट प्रमाणित करणाऱ्या कोणत्या संस्थेच्या मानकाखाली नोंदणी आहे, व्हेरा, प्युरो की आणखी कुठलं? प्रकल्पाचा क्रमांक काय? तो सार्वजनिक नोंदवहीत उघडून दाखवायला सांग. आणि क्रेडिट कोणाच्या नावावर निघणार, पैसे कधी मिळणार? त्या मशीनवाल्यालाही हे विचारून बघ, गंमत म्हणून.

बाबांचं म्हणणं राहिलं. लाकडं जाळून कोणी मोठा झाला नाही हे खरं, पण दाढीची, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेची, भाजावळ त्यांनी आयुष्यभर केली असणार. कवळ तोडून आणायची, टहाळ, शेण, पालापाचोळा आणि माती यांचे थर लावायचे, वाऱ्याची दिशा बघून पेटवायचं. आग कधी चढेल आणि कधी बसेल हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. पहिल्या भट्टीला त्यांना खुर्ची टाकून बसव आणि पुढचा थर कधी टाकायचा ते त्यांनाच सांगू दे. शेवटी पाणी मात्र तू ओत. एवढी चांगली पेटलेली आग राख व्हायच्या आत विझवायची, हे त्यांच्या हातून होणार नाही.